हिरक्ल : सत्याच्या उंबरठ्यावरून परतलेला सम्राट



वारणानगरहून कोल्हापूरला आपले नेहमीच जाणे होते. पुढच्या खेपेस मुलांना टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात अवश्य न्या. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली रोमन समुद्रदेवतेची एक छोटी कांस्यमूर्ती तेथे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याचा माल आपल्या मुलखापर्यंत पोहोचत असे, याची ती साक्ष होय. पुढे इ. स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या साम्राज्याची राजधानी पूर्वेस, बॉस्फरसच्या किनारी वसवली. तेथील राज्य ख्रिस्तधर्मी झाले. दिव्य कुरआनच्या तिसाव्या सूरहला ज्यांचे नाव मिळाले, ते रूम हेच. त्यांच्या हिरक्ल (हेराक्लियस) या सम्राटाचे जीवन आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

हिरक्लचा जन्म इ. स. ५७५ च्या सुमारास झाला. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे रोमनांचे प्रांताधिपती होते. राजधानीत फोकस नावाचा सेनाधिकारी सम्राटाची हत्या करून गादीवर बसला होता. ६१० मध्ये हिरक्ल आरमारासह कॉन्स्टँटिनोपलला आला, फोकसचा शेवट केला आणि स्वतः सम्राट झाला. त्याच वर्षी मक्केजवळील हिरा गुहेत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पहिला दिव्य संदेश अवतरला, हे ध्यानात असू द्या.

गादी मिळाली, पण राज्य हातचे निसटू लागले. इराणी फौजांनी ६१३ मध्ये दमास्कस आणि ६१४ मध्ये बैतुल मक्दिस जिंकले. पुढे इजिप्तही गेले. ग्रंथधारक रोमन हरले म्हणून मक्केतील अनेकेश्वरवादी आनंदले. अशा वेळी कुरआनने सांगितले की, थोड्याच वर्षांत रोमन पुन्हा विजयी होतील. त्या घडीला यावर विश्वास बसणे कठीण होते. खुद्द हिरक्ल राजधानी सोडून कार्थेजला जाण्याच्या विचारात होता. धर्मगुरूंनी त्याला थोपवले आणि चर्चमधील सोन्याचांदीची भांडी वितळवून नाणी पाडण्यास दिली. ६२२ मध्ये, हिजरतच्याच वर्षी, तो स्वतः मोहिमेवर निघाला. तेथून पारडे फिरले. डिसेंबर ६२७ मध्ये निनवाजवळ त्याने इराणी सैन्याचा निर्णायक पराभव केला. कुरआनचे भाकीत जगाने डोळ्यांनी पाहिले.

हुदैबियाच्या तहानंतर प्रेषितांचे (स.) पत्र हजरत दहिया कल्बी (रजि.) यांनी बुसराच्या अधिकाऱ्यामार्फत त्याच्याकडे पोहोचवले. इराणच्या बादशहाने असेच पत्र फाडून टाकले होते. हिरक्लने मात्र चौकशी केली. मक्केचे व्यापारी शाममध्ये आले होते. त्यांना बोलावून त्याने त्यांचे प्रमुख अबू सुफियान यांना विचारले, या व्यक्तीचे कुळ कसे आहे? पूर्वी ते कधी खोटे बोलले काय? त्यांचे अनुयायी बडे लोक आहेत की दुर्बल? ते वाढत आहेत की घटत आहेत? ते वचन मोडतात काय? अबू सुफियान तेव्हा कट्टर विरोधक होते, परंतु सोबत्यांसमोर खोटे ठरण्याची लाज वाटून त्यांनी खरेच सांगितले. उत्तरे ऐकून हिरक्लची खात्री पटली की, ही प्रेषितांचीच लक्षणे आहेत.

यानंतर हिम्स येथे त्याने सरदारांना महालात जमवले, दरवाजे बंद करविले आणि या प्रेषितांचे अनुसरण करण्याचा विचार मांडला. सरदार संतापून दरवाजांकडे धावले. गादी जाणार हे दिसताच हिरक्लने शब्द फिरवला. आपण केवळ तुमच्या धर्मनिष्ठेची परीक्षा घेत होतो, असे त्याने सांगितले. सरदार त्याच्यापुढे नतमस्तक झाले. सिंहासन वाचले, पण तो सत्याच्या उंबरठ्यावरून मागे फिरला. सत्य नुसते ओळखणे म्हणजे ईमान नव्हे, हे आपले विद्वान याच प्रसंगावरून समजावतात.

ज्या राज्यासाठी हे केले, ते तरी राहिले काय? ६३६ मध्ये यर्मूकच्या लढाईत त्याचे सैन्य मोडले आणि शाम कायमचा गेला. परतीच्या वाटेवर त्याला पाण्याची एवढी धास्ती बसली होती की, इतिहासकार सांगतात, बॉस्फरसवर नावांचा पूल बांधून दोन्ही बाजूंना झाडांच्या फांद्या लावाव्या लागल्या. समुद्र नजरेस पडू नये, म्हणून. एके काळी आरमार घेऊन आलेला हाच तो वीर! फेब्रुवारी ६४१ मध्ये तो मरण पावला.

वाचकहो, हिरक्लला दोष देणे सोपे आहे. पण मुलींचा वाटा कुरआनने ठरवून दिला आहे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? तरीही उसाच्या रानाचा सातबारा करताना बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवले जाते. भावकी काय म्हणेल, या भीतीने जाणता माणूसही गप्प बसतो. हिरक्लने एका साम्राज्यासाठी जे केले, ते आपण दोन एकरांसाठी करतो. आज घरी कागदपत्रे काढा आणि कोणाचा हक्क आपल्याकडे अडकला आहे, ते पाहा.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य ओळखण्याची आणि ओळखलेले सत्य स्वीकारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.