अण्णा कर्व्यांचे नवे घर

धोंडो केशव कर्वे १८८४ साली मुंबईस गणित घेऊन बी. ए. झाले. मग शाळांतून शिकवायचे, शिकवण्या करायच्या, असा संसार चालला. १८९१ त पत्नी राधाबाई वारल्या; त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी शारदासदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले. मुरुड गावाने बहिष्कार घातला. अण्णा आईच्या घरी राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे ठरले! अण्णांचे कौतुक सगळेच करतात. पण भगिनींनो, त्या घरात माप ओलांडून आलेल्या गोदूबाईंचे धैर्य मला काकणभर जास्तच वाटते. पुढे १९०० साली आश्रम हिंगण्याच्या झोपडीत नेला. तेथून चिखल तुडवीत अण्णा पुण्यास पायी येत-जात.