तुरुंगात शिकलेले विनोबा



स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा विनोबांवर लिहिते असं मी लगेच कळवलं. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं तुम्हीही ओळखाल. आपल्या शिळफाट्यावरून पेणकडे रस्ता जातो आणि त्या पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. दुसरं कारण शेवटी सांगते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा. बालपण गागोद्यात गेलं, पुढचं शिक्षण बडोद्याला झालं. घरचा फणस आधी गावात वाटायचा आणि मग आपण खायचा, ही आई रुक्मिणीबाईंची शिकवण. मुलाचा ओढा मात्र माणसांपेक्षा गणिताकडे आणि पुस्तकांकडे जास्त. 1916 मध्ये कॉलेज सोडताना त्यांनी आपली प्रमाणपत्रं आईच्या चुलीत घातली आणि काशी गाठली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींच्या आश्रमात आले. कडक शिस्तीचा, मितभाषी, एकांतप्रिय तरुण अशीच त्यांची ओळख होती.

हा माणूस लोकांचा कसा झाला? मला वाटतं, त्यात तुरुंगाचा वाटा फार मोठा आहे.

1923 मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात ते पहिल्यांदा तुरुंगात गेले. पण सगळ्यांत महत्त्वाचा ठरला तो 1932 चा धुळ्याचा तुरुंग. तिथे राजकीय कैदी पुष्कळ होते, तरुण होते आणि कामावरून चिडलेले होते. विनोबांनी भांडण वाढवलं नाही. श्रम केल्याशिवाय जेवायचं नाही, हा आश्रमातला नियम त्यांनी तिथेही पाळला आणि स्वतः दळायला बसले. ते पाहून इतरही बसले. आश्रमात जे जगायचं ठरवलं होतं, ते खऱ्या अर्थाने तुरुंगात साधलं, असं ते पुढे सांगत असत. मोजके कपडे, ठरल्या वेळी उठणं, ठरलेलं काम आणि सगळ्यांना सारखंच अन्न.

तिथेच 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात, अठरा रविवारी, त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. समोर जमनालाल बजाज यांच्यासारखे नेते होते, तसेच साधे कार्यकर्तेही होते. स्त्री कैद्यांनाही ऐकायला यायची परवानगी मिळाली. साने गुरुजी भराभर लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्याला वाचता येतात. गीता मराठीत सोपी करून हवी, ही आईची इच्छा त्यांनी 1930-31 मध्ये 'गीताई' लिहून पुरी केली होती. पण आई 1918 मध्येच गेली होती. ज्यांना संस्कृत येत नाही, अशा माणसांशी समोर बसून बोलण्याचा योग धुळ्यात आला. त्या प्रवचनांची भाषा इतकी घरगुती आहे, ती त्या श्रोत्यांमुळेच, असं मला वाटतं.

1940 मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडलं. पुन्हा तुरुंग. 1942 नंतर तीन वर्षं वेल्लोर आणि सिवनी इथे. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदम सुरू केला. आपण एखादी नवी संगणकभाषा शिकताना आधी तिचा उपयोग विचारतो. कोठडीतल्या माणसाने तो कुणाला विचारायचा? उपयोग नंतर झाला. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. गावातल्या रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. पुढे तेरा वर्षं ते चालत राहिले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर मिळाली. त्यातली बरीच भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही, हेही खरं.

चंबळची गोष्टही तुरुंगातूनच सुरू झाली. नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट बघणाऱ्या तहसीलदारसिंहाने विनोबांना भेटीसाठी पत्र लिहिलं. हा डाकू मानसिंहाचा मुलगा. मे 1960 मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. गुन्हे माफ होतील, असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. खटले झाले. पोलीस अधिकाऱ्यांनी जाहीर टीकाही केली. विनोबांनी दिलं ते एवढंच: गुन्हा कबूल करायला येणाऱ्याला माणूस म्हणून भेटणं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. 1975 च्या आणीबाणीत हजारो लोक तुरुंगात गेले, तेव्हा विनोबा मौनात होते. त्यांच्या एका शब्दप्रयोगाचा सरकारने स्वतःच्या समर्थनासाठी वापर केला. तुरुंगात बसलेल्यांना ते फार लागलं. तुरुंग आतून पाहिलेल्या माणसाकडून त्यांची अपेक्षा वेगळी होती. 15 नोव्हेंबर 1982 रोजी अन्न-औषध सोडून त्यांनी पवनारला देह ठेवला, तरी हे शल्य अनेकांच्या मनात राहिलं. मलाही ते खटकतं. तरी धुळे आणि चंबळ त्याने पुसले जात नाहीत.

आता दुसरं कारण. संमेलनाची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या वर्गातला एक जण काही वर्षं तुरुंगात होता. शिक्षा पुरी भोगून तो परत आला आहे. ग्रुपवर कुणी त्याचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. एक्सेलमधली त्याची ओळ मी खोडली, खालचे क्रमांक आपोआप वर सरकले आणि यादी अगदी नीट दिसू लागली. हा लेख लिहायला बसले आणि चंबळपाशी हात अडला.

मग त्याला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी, कोणकोणते सर येणार आहेत, एवढंच त्याने विचारलं.

त्याची ओळ मी परत घातली आहे. तो येईल की नाही, माहीत नाही. आला, तर इतकी वर्षं कुठे होतास, असं विचारू नका. थोडं सरकून बाकावर जागा करून द्या.