ज्या धुराने फुप्फुसं जाळली, त्याच धुरात तो शेवटपर्यंत गाडी पळवत राहिला : तात्सिओ नुवोलारीची गोष्ट

एप्रिल १९३२. इटलीतला सगळ्यात गाजलेला कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ याने आपल्या घरी एका रेसिंग ड्रायव्हरला बोलावलं आणि त्याच्या हातात एक छोटंसं सोन्याचं कासव ठेवलं. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला जगातल्या सगळ्यात संथ प्राण्याची भेट!

ड्रायव्हरला ही भेट इतकी आवडली की त्याने ते कासव आपलं चिन्हच करून टाकलं. शर्यतीला उतरताना अंगात पिवळी जर्सी, निळी पँट, डोक्यावर चामड्याची टोपी आणि छातीवर कासव. हा वेश दिसला की समजायचं, तात्सिओ नुवोलारी आला.

आज व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत एखादी लाल अल्फा रोमिओ चकाकत उभी असते आणि लोक तिच्यासोबत सेल्फी काढतात. पण ही गाडी पळवणाऱ्या माणसाला त्या काळात काय किंमत मोजावी लागायची, हे त्या चकाकत्या पत्र्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी नुवोलारीची गोष्ट माहीत असायला हवी.

त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १८९२ चा, उत्तर इटलीतल्या मांतोवा शहराजवळच्या कास्तेल दारिओ या गावातला. घर शेतकऱ्याचं, पण वडील आणि काका दोघंही सायकल शर्यतीतले खेळाडू. त्यामुळे चाकांचं वेड घरातूनच आलं. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात ड्रायव्हर होता. स्पर्धेत मात्र उतरला तो १९२० मध्ये, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. तोवर त्याचं लग्न झालेलं होतं आणि घरात लहान मुलगा होता. सुरुवात मोटरसायकलने झाली.

१९२५ मध्ये अल्फा रोमिओने त्याला मोंझाच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवून बघायला दिली. ती त्याने ठोकली आणि तो चांगलाच जखमी झाला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. पण दोन आठवडे होण्याच्या आतच हा गडी त्याच मोंझावर मोटरसायकल शर्यतीत उतरला. पट्ट्या अशा बांधून घेतल्या होत्या की अंग मोटरसायकलवर बसलेल्या स्थितीतच राहील. आणि ती शर्यत त्याने जिंकलीसुद्धा. पुढे आयुष्यभर हेच चालू राहिलं. १९३४ मध्ये पाय मोडला, तर प्लास्टर घातलेल्या पायाने बर्लिनच्या शर्यतीत उतरला. फक्त पेडल बदलून घेतले, डाव्या पायाने चालवता येतील असे.

१९३० च्या मिले मिलिया शर्यतीने तो घराघरांत पोहोचला. मिले मिलिया म्हणजे हजार मैल. ब्रेशिया शहरातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत यायचं. अंतर साधारण १६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्लीपेक्षाही जास्त. तेही एका दमात, साध्या रस्त्यांवरून, गावागावांतून. नुवोलारीने ती ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरीने जिंकली. या शर्यतीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

याच शर्यतीचा एक किस्सा अजून सांगितला जातो. पुढे त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी अकिले वार्त्सी होता. मागे कुणी आहे हे त्याला कळू नये म्हणून नुवोलारीने म्हणे हेडलाइट बंद केले आणि अंधारात त्याला गाठलं. किस्सा भारी आहे, पण तेव्हा पहाट होत आली होती आणि वार्त्सीला तो मागून येतोय याचा अंदाज होता, असंही सांगतात.

बाकी त्याच्या नावावर एवढं काही आहे की किश्शांची गरजच पडत नाही. १९३३ या एका वर्षात त्याने मिले मिलिया पुन्हा जिंकली आणि ल मान्सची २४ तासांची शर्यतही जिंकली, तीही फक्त दहा सेकंदांच्या आसपासच्या फरकाने.

त्याची वळण घेण्याची पद्धत वेगळीच होती. बाकीचे वळण आलं की वेग कमी करायचे. हा वळणाच्या आधीच गाडीचं नाक आत वळवायचा, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचाच नाही आणि गाडी चारही चाकांवर घसरत बाहेर निघायची. तोपर्यंत नाक बरोबर पुढच्या सरळ रस्त्याकडे आलेलं असायचं.

मग आला २८ जुलै १९३५. जर्मन ग्रां प्री, न्यूरबर्गरिंग. जंगलातून जाणारा २२.८ किलोमीटरचा ट्रॅक आणि त्याच्या २२ फेऱ्या. हिटलरच्या राजवटीने मर्सिडीज आणि ऑटो युनियन या कंपन्यांना पैसा पुरवला होता. दोघांच्या मिळून नऊ गाड्या शर्यतीत होत्या. नुवोलारीकडे होती तीन वर्षं जुन्या डिझाइनची अल्फा रोमिओ पी३, जर्मन गाड्यांपेक्षा बरीच कमी ताकदीची. ही गाडी एन्झो फेरारीच्या टीमची होती. तेव्हा फेरारी स्वतः गाड्या बनवत नव्हता, अल्फाच्या गाड्या शर्यतीत उतरवायचा.

पाऊस पडून गेला होता, ट्रॅक निसरडा होता. अशा ट्रॅकवर ताकदीपेक्षा हात महत्त्वाचा. मधल्या फेऱ्यांत नुवोलारी चक्क पहिला आला. पण पेट्रोल भरायला थांबला आणि नेमका पंप बिघडला. डब्यांनी इंधन ओतायला लागलं. जिथे एकेक सेकंद मोलाचा, तिथे दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला आणि तो सहाव्या नंबरवर फेकला गेला.

तिथून त्याने एकेक जर्मन गाडी गाठायला सुरुवात केली. शेवटच्या फेरीला पुढे फक्त मर्सिडीजचा मानफ्रेड फॉन ब्राउखिच उरला होता, तोही अर्ध्या मिनिटाच्या आघाडीने. पण मागचं दडपण इतकं होतं की ब्राउखिचने टायर बदलायला थांबायचं टाळलं होतं. शेवटच्या फेरीत तो झिजलेला टायर फुटला. लाखो प्रेक्षकांसमोर आणि नाझी अधिकाऱ्यांसमोर ४२ वर्षांचा ठेंगणा इटालियन माणूस आधी रेषा ओलांडून गेला. त्याच्या मागचे चारही जण जर्मन गाड्यांत होते.

इथवरची गोष्ट रॅलीत कुणीही सांगेल. पुढची फारसं कुणी सांगत नाही.

१९३७ मध्ये तो शर्यतीसाठी जहाजाने अमेरिकेला निघाला होता. मोठा मुलगा जोर्जिओ आजारी होता. बाप समुद्रावर असतानाच तो गेला. वय अवघं १८. त्यानंतर महायुद्ध आलं, शर्यती बंद पडल्या. युद्ध संपलं आणि एप्रिल १९४६ मध्ये धाकटा आल्बेर्तोही आजाराने गेला. तोही अठराव्या वर्षीच.

आता घरात नवरा-बायको दोघंच. त्यात त्याचं शरीर संपत चाललं होतं. त्या काळच्या गाड्या उघड्या, सीट बेल्ट नाही, तोंडावर काही नाही. १९३१ मध्ये तर ग्रां प्री शर्यती दहा दहा तास चालायच्या. इंधनाचा आणि एक्झॉस्टचा धूर थेट नाकातोंडात. तो धूर अनेक वर्षं गिळून फुप्फुसं निकामी होत आली होती. १९४६ मध्ये तो तोंडावर मास्क बांधून शर्यतीत उतरला आणि तरीही त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या. त्याच वर्षी ट्यूरिनमध्ये चालत्या गाडीचं स्टिअरिंग निखळून हातात आलं. एका हाताने ते हवेत धरून, दुसऱ्या हाताने स्टिअरिंगचा दांडा फिरवत त्याने गाडी आणली. त्या प्रसंगाचा फोटो प्रसिद्ध आहे. लोक तो बघून हसतात.

घरी बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण घरी बसून करायचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नक्कीच असणार.

१९४७ च्या मिले मिलियात तो ११०० सीसीच्या उघड्या चिसितालियात सगळ्यांच्या पुढे होता. पावसाचं पाणी इंजिनात शिरलं आणि तो दुसरा आला. १९४८ मध्ये ऐनवेळी फेरारीने त्याला गाडी दिली. आता फेरारी स्वतःच्या नावाने गाड्या बनवत होता. ५५ वर्षांचा, आजारी नुवोलारी निघाला आणि पुढे गेला. वाटेत एक मडगार्ड तुटलं. बॉनेट उडून गेलं. बसायची सीट निखळली. तरी बोलोन्याला पोहोचेपर्यंत आघाडी जवळपास अर्ध्या तासाची झाली होती. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक रडत होते असं सांगतात.

रेज्जो एमिलियाजवळ मागची स्प्रिंग तुटली आणि गाडी थांबली. त्याला हाताला धरून उतरवावं लागलं आणि एका पाद्र्याच्या घरी त्याने पडायला खाट मागितली. शर्यत दुसऱ्याच फेरारीने जिंकली, क्लेमेंते बिओंदेत्तीने.

एप्रिल १९५० मध्ये सिसिलीत पालेर्मोजवळच्या घाटातली शर्यत त्याची शेवटची ठरली. छोट्या गाड्यांच्या गटात तो पहिला आला. पुढे पक्षाघात झाला आणि ११ ऑगस्ट १९५३ ला मांतोवात त्याचा मृत्यू झाला. त्याला त्याच्या शर्यतीच्या कपड्यांतच पुरलं. शवपेटी गाडीच्या चासीवर ठेवली होती आणि ती ढकलणाऱ्यांत फान्जिओ, आस्कारी आणि विलोरेसी होते.

त्याच्या आठवणीत १९५४ पासून मिले मिलियाचा मार्ग बदलून मांतोवातून नेण्यात आला. १९५७ मध्ये या नव्या टप्प्यावरच, ग्विदिझोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. गाडीतले दोघं आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले, त्यात पाच मुलं होती. शर्यत कायमची बंद झाली.

आज मिले मिलिया होते ती फक्त जुन्या गाड्यांची, १९५७ पर्यंतच्या मॉडेल्सची. नुवोलारीच्या नावानेही १९९१ पासून मांतोवात दर सप्टेंबरला जुन्या गाड्यांची रॅली भरते. दोन्हीकडे कुणी कुणाला मागे टाकायचं नसतं. प्रत्येक टप्प्याची वेळ आधीच ठरलेली असते, चूक सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि वेळेच्या आधी पोहोचलं तर गुण कापले जातात.