दासगावचे पाच मैल

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर थोरामोठ्यांनी इतके लिहिले आहे की द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यात काय भर घालावी? परंतु मी दासगावचा, आणि त्यांच्या चरित्रात आमच्या लहानशा बंदराला जागा आहे. म्हणून त्यांच्या प्रवासांपुरतेच लिहितो.

हल्ली मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान जाते. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर अंतर पंधरा-सोळा तासांत संपते. बाबासाहेब १९१३ च्या जुलैत तेथे पोहोचले ते बोटीने, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. वय बावीस. पुढे लंडनला गेले. १९१७ साली महायुद्ध चालू असताना ते परतले. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीवर होते, ती पाणसुरुंगांच्या आणि पाणबुड्यांच्या त्या धामधुमीत बुडाली. ग्रंथ गेले, स्वतः मात्र २१ ऑगस्टला सुखरूप मुंबईस उतरले.

हे झाले सातासमुद्रांचे. पण मला अधिक लांबचा वाटतो तो त्यांच्या लहानपणचा एक प्रवास. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यात तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान गाडी देईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, वर अट अशी की मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे! रात्र टोलनाक्यापाशी गाडीतच काढली. शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही. वडिलांच्या मुक्कामी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला.

पाण्याचाच प्रश्न घेऊन ते महाडला आले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी प्राशन केले. नंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. मुंबईहून जवळचा मार्ग धरमतरचा. पण तेथून पुढे मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर? दासगावला उतरले तर महाड पाच मैल, वेळ आली तर चालत गाठता येईल. अमेरिकेहून पदवी घेऊन आलेल्या बॅरिस्टरला असा हिशेब करावा लागला!

२४ डिसेंबरला 'पद्मावती' बोट निघाली ती २५ ला दुपारी सावित्रीच्या खाडीतून दासगावला लागली. धक्क्यावर हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. जिल्हाधिकाऱ्यांचा निरोप आल्याने बाबासाहेब पुढे गेले, लोक पायी निघाले. त्या रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर मात्र जाता आले नाही, कारण कोर्टाचा मनाईहुकूम आधीच आला होता.

तेच पाच मैल मी रोज एस.टी.ने कॉलेजला येतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गाडीत शेजारी कोण बसला आहे, हे कोणी विचारत नाही.

तळ्याचा दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पहिली ओंजळ भरल्याला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पार्थिव त्याच रात्री विमानाने मुंबईस आणले. सात तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा लोक लाखोंनी जमले होते.