भारतीय दंडविधानाचे जनक लॉर्ड मेकॉले

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यानंतर घडणाऱ्या गुन्ह्यांसाठी १८६० चे भारतीय दंडविधान इतिहासजमा झाले. पोलीस ठाण्यापासून उच्च न्यायालयापर्यंत भादंवि या संक्षिप्त नावाने वावरलेल्या या कायद्याचा मूळ मसुदा थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांचा. आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती इंग्रजी शिक्षणाच्या संदर्भात, आणि तीही बहुधा रोषाने. त्यांचे कायद्याचे कार्य त्यामुळे झाकोळले गेले.

मेकॉले यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८०० रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात झाला. वडील झॅकरी हे गुलामगिरीविरोधी चळवळीतील अग्रणी होते. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन मेकॉले वकील झाले आणि १८३० मध्ये संसदेत पोहोचले. १८३३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्याचे पद निर्माण झाले. त्या पदावर ते १८३४ मध्ये भारतात आले.

त्या काळी देशात फौजदारी कायद्याची एकवाक्यता नव्हती. बंगालमध्ये कंपनीच्या नियमांनी बदललेला इस्लामी फौजदारी कायदा होता, मुंबई इलाख्यात १८२७ ची स्वतंत्र संहिता होती, तर कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांत इंग्लंडचा कायदा चाले. एकाच गुन्ह्याला प्रांतागणिक निराळा न्याय मिळे. ही विषमता दूर करण्यासाठी १८३५ मध्ये पहिला विधी आयोग नेमला गेला व मेकॉले त्याचे अध्यक्ष झाले. सहकारी आजारी पडल्याने बराचसा भार त्यांनी एकट्याने वाहिला. १८३७ मध्ये मसुदा सरकारला सादर झाला.

गुन्ह्याची नेमकी व्याख्या आणि तिच्यापाठोपाठ दृष्टांत, ही त्यांची पद्धत होती. दंडविधानातील चोरीच्या कलमाखाली असाच एक बैल आढळतो. त्याच्या पाठीवर खजिन्याची पेटी आहे. ती लांबविण्याच्या हेतूने कोणी त्याला हाकले, तर बैलाने पाऊल उचलताक्षणी चोरी पूर्ण होते. कायदा सामान्य माणसाला उमगावा, न्यायाधीशाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागील विचार होता.

१८३८ मध्ये मेकॉले मायदेशी परतले आणि इतिहासलेखनात रमले. मसुदा मात्र दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिला. १८५७ च्या उठावानंतर त्याला चालना मिळाली. सर बार्न्स पीकॉक यांनी त्याची फेरमांडणी केली, ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. हे पाहण्यास मेकॉले हयात नव्हते. २८ डिसेंबर १८५९ रोजी त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या मसुद्यातील राजद्रोहाचे कलम १८६० मध्ये वगळले गेले होते. ते १८७० मध्ये १२४-अ म्हणून दाखल झाले. याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी तर त्यांना मंडालेत सहा वर्षे काढावी लागली. सर्वांना समान कायदा देऊ पाहणाऱ्या या संहितेच्या निर्मितीत ज्यांच्यावर ती लागू होणार होती, त्या प्रजेला मत नव्हते. मेकॉले यांच्या कार्याची थोरवी मोजताना ही उणीवही त्याच तराजूत टाकावी लागते.