रज्जाकच्या भरवशावर



सेवेची हाक येते तेव्हा माणसाच्या मनात आधी पोटाचा प्रश्न उभा राहतो. आपल्या वडसा परिसरातील घरोघरीही तो विचारला जातो. शिकल्यासवरल्या मुलाने जंगलातील एखाद्या गावी राहून मुलांना शिकवावे, की गाडी धरून मोठ्या शहरात भरपूर पगाराची नोकरी शोधावी? ही भीती म्हणजे ईमानाचा अभाव नव्हे. फिरऔनच्या दरबारी जाण्याची आज्ञा झाली तेव्हा हजरत मूसा (अ.) यांनाही भय वाटले होते. ते त्यांनी आपल्या रबपुढे मांडले आणि मग ते निघाले.

या दृष्टीने डॉ. झाकिर हुसैन यांचे जीवन आपण अवश्य अभ्यासावे. १८९७ साली हैदराबादेत जन्मलेल्या या मुलाचे वडील तो दहा वर्षांचा असताना वारले आणि १९११ साली प्लेगने आईही गेली. १९२० साली अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली, त्यात तरुण झाकिर हुसैन यांचा पुढाकार होता. पुढे ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले. इकडे १९२४ साली खिलाफत संपुष्टात आली, चळवळीचा निधी आटला आणि जामिया बंद करण्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा झाकिर हुसैन, आबिद हुसैन व मुहम्मद मुजीब या तिघा मित्रांनी जर्मनीहून कळविले की, संस्था बंद करू नये, आम्ही सेवेस येत आहोत.

१९२६ साली ते बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले. अशा विद्वानाला कोठेही मानाची जागा मिळाली असती. त्यांनी मात्र वयाच्या २९व्या वर्षी या डबघाईला आलेल्या संस्थेची धुरा स्वीकारली. पुढच्याच वर्षाअखेर जामियाचे आधारस्तंभ हकीम अजमल खान यांचे निधन झाले. डोक्यावर कर्ज होते, तिजोरी रिकामी होती. १९२८ साली झाकिर हुसैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली की, वीस वर्षे येथेच सेवा करू आणि दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात जे ठरे तेही कित्येकदा वेळेवर हाती पडत नसे.

वाचकहो, तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. या शिक्षकांनी सामान्य माणसांकडून छोट्या छोट्या वर्गण्या जमविल्या, स्वतःचा खर्च आवरला आणि वर्ग चालू ठेवले. १९३७ साली आपल्याच विदर्भात, वर्धा येथे, शिक्षण परिषद भरली. तेथे नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद याच शिक्षकाकडे आले.

तब्बल २२ वर्षे त्यांनी जामिया सांभाळली. १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. ते पद म्हणजे त्या भरवशाचे बक्षीस होते, असे मात्र मानू नका. रिझ्क त्यांना त्या बिकट वर्षांतच मिळत होते. ते विपुल नव्हते, पण काम थांबू नये इतके होते. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. जामियाच्याच आवारात त्यांची कबर आहे.

तेव्हा सेवेची हाक आली तर आपले भय अल्लाहपुढे मांडा, घरखर्चाचा हिशेब नीट करा आणि पाऊल उचला. पुढच्या वीस वर्षांचे रिझ्क आजच डोळ्यांना दिसावे, अशी अट मात्र घालू नका.