रहीमसाहेब : एका शाळामास्तरांचे चरित्र

कोणतीही विद्या शिष्याच्या अंगी उतरावयाची असेल, तर गुरू जाणता असावा लागतो. गायनात आणि गणितात ही गोष्ट सर्वांस मान्य असते. परंतु खेळाचा विषय निघाला, की मैदान आणि चेंडू मिळाला म्हणजे मुले आपोआप खेळतील असे पुष्कळांस वाटते. मुलींच्या बाबतीत तर ही समजूत अधिकच दृढ आहे. शाळेतील मुलींचा फुटबॉल संघ काढावयाचे ठरले, की ज्या शिक्षकाचा तास रिकामा असेल त्याच्या हाती शिट्टी द्यावयाची, अशी रीत ठिकठिकाणी दिसते. ज्यांना ही रीत पुरेशी वाटते, त्यांनी आपल्याच हैदराबादेतील एका शिक्षकाचे चरित्र अवश्य वाचावे. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे शहर त्यांना रहीमसाहेब म्हणून ओळखत असे.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. तो निजामाच्या राजवटीचा काळ होता. सिकंदराबाद आणि बोलारम येथील छावण्यांत ब्रिटिश पलटणी फुटबॉल खेळत, आणि तो पाहून शहरातील तरुणांसही ह्या खेळाची गोडी लागली होती. रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि तेथील आजी-माजी विद्यार्थ्यांच्या संघातून खेळले. पुढे त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. प्रथम ते काचीगुडा येथील माध्यमिक शाळेत होते. नंतर उर्दू शरीफ शाळा, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल येथे त्यांनी काम केले. काचीगुडा आणि चादरघाट ही नावे आपल्या मराठी कुटुंबांच्या नित्य परिचयाची आहेत. ज्या रस्त्यांवरून आपण रोज जातो-येतो, त्याच रस्त्यांवरून हा मनुष्य मुलांना शिकवावयास जात असे.

शिक्षक झाल्यावर त्यांनी शारीरिक शिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले आणि मग शाळांतील खेळांची जबाबदारी पत्करली. ही गोष्ट लहान वाटली, तरी त्यांच्या पुढील सर्व यशाचे मूळ आम्हांस येथेच दिसते. त्यांना स्वतःला खेळ चांगला येत होता. परंतु स्वतःला येणे आणि दुसऱ्याला शिकवता येणे ह्या दोन भिन्न विद्या आहेत, हे ओळखून ते पुन्हा विद्यार्थी झाले.

१९४० नंतरच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते प्रशिक्षक झाले. शाळामास्तरांची दृष्टी त्यांनी येथेही सोडली नाही. आपले खेळाडू अंगाने किरकोळ; धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशी धक्काबुक्की करून त्यांचा निभाव लागणार नाही, हे त्यांनी जाणले. माणूस कितीही वेगाने धावला, तरी चेंडू त्याच्याहून वेगाने जातो. म्हणून चेंडू जमिनीलगत ठेवून झटपट सहकाऱ्याकडे द्यावा आणि आपण मोकळ्या जागी पोहोचावे, ही त्यांच्या शिकवणुकीची मुख्य ओळ ठरली.

हे नुसते सांगून मुलांच्या पायांत उतरत नाही. त्यासाठी रहीमसाहेबांनी सामन्यांचेच पाठ बनविले. काही स्पर्धांत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास, म्हणजे ड्रिब्लिंगला, त्यांनी बंदी केली. त्यामुळे चेंडू येताच तो पुढे देण्यावाचून गत्यंतर उरत नसे. काही स्पर्धांत ज्याचा जो पाय कच्चा, त्यानेच खेळण्याचा नियम असे. आणखी काही स्पर्धा ठरावीक उंचीच्या आतील मुलांसाठी असत. तेथे लहान चणीच्या मुलास थोराड मुलाच्या अंगाखाली दबून न जाता आपले कसब दाखविता येई. शुद्धलेखन कच्चे असलेल्या मुलाकडून चांगला शिक्षक तेच पुनःपुन्हा लिहवून घेतो. रहीमसाहेबांनी मैदानावर तेच केले.

ह्या शिक्षणाचे फळ लवकरच दिसू लागले. १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. १९५० मध्ये दिल्लीचा ड्युरँड चषकही त्यांनी मिळविला. मग देशाच्या संघाची धुरा रहीमसाहेबांकडे आली. १९५१ साली दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात इराणला एका गोलने हरवून भारताने सुवर्णपदक पटकावले.

तथापि पुढच्याच वर्षी मोठा आघात झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपले काही खेळाडू त्या थंड प्रदेशातही अनवाणी खेळले होते. ह्या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनीही खेळाडूंच्या शरीराची ताकद, दमसास आणि संघाची रचना ह्यांचा नव्याने विचार केला. युरोपातील, विशेषतः हंगेरीचा, खेळ त्यांनी बारकाईने अभ्यासिला आणि त्यातील जे आपल्या मुलांना मानवेल तेवढेच उचलले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ह्या अभ्यासाचा प्रत्यय आला. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४–२ असे हरविले. त्यातील तीन गोल मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने केले. उपांत्य फेरीत पोहोचणारा तो आशियातील पहिला देश ठरला. पुढे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया ह्यांच्याकडून हार पत्करून भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. पण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये ह्यापेक्षा वरचे स्थान आपण कधीही मिळविलेले नाही. त्या संघात नूर महंमद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम असे अनेक हैदराबादी खेळाडू होते.

ह्यांपैकी बलरामची हकीकत सांगण्याजोगी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील हा गरीब घरचा मुलगा. त्याचे कसब रहीमसाहेबांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याला सरावास बोलाविले. परंतु रोज हैदराबादेस येण्याजोगे पैसे त्याच्यापाशी नव्हते. ही अडचण कळताच रहीमसाहेबांनी त्याच्या येण्याजाण्याच्या खर्चाची सोय केली. मुलगा मैदानावर का येत नाही, ह्याचे कारण त्याच्या पायांत नसून त्याच्या घरच्या परिस्थितीत असू शकते, हे ज्याला कळते तो खरा शिक्षक. बलराम पुढे देशातील श्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला.

आपल्या आणि परक्यांच्या मुलांत त्यांनी भेद केला नाही, ह्याचेही एक उदाहरण आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या चमूत त्यांचा पुत्र सय्यद शाहिद हकीम होता. तेथे भारत हंगेरीशी २–१ असा हरला, फ्रान्सशी त्याने १–१ अशी बरोबरी केली आणि पेरूकडून त्याला ३–१ असा पराभव स्वीकारावा लागला. ह्या तिन्ही सामन्यांत हकीमला मैदानावर उतरण्याची संधी मिळाली नाही. पुढे हकीमने पंच म्हणून आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली.

रहीमसाहेबांच्या आयुष्यातील शेवटची आणि सर्वांत कठीण कसोटी १९६२ साली जकार्ता येथे लागली. इस्रायल आणि तैवान ह्यांना प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे क्रीडा-प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती, त्यामुळे तेथील जनता भारतीयांवर संतापली होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. त्यानंतर थायलंड आणि जपान ह्यांच्यावर विजय मिळाला. पण भक्कम पिछाडीवीर जर्नेलसिंग डोक्याला जखम होऊन टाक्यांनिशी बसला. पिछाडीस त्याने डोक्याने चेंडू अडविणे धोक्याचे होते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीस खेळविले. तरुणपणी जर्नेल आघाडीस खेळत असे, हे ते विसरले नव्हते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि भारत ३–२ असा जिंकला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामना झाला. सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि बहुतेक सारे विरोधात. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग ह्यांनी एकेक गोल केला आणि चुनी गोस्वामीच्या नेतृत्वाखाली भारताने २–१ असा विजय मिळविला. ह्या विजयानंतर वर्षही उलटले नाही तोच, ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात काय झाले, हे सांगितल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा पोहोचला नाही. आशियाई स्पर्धांत १९७० साली कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक मात्र पुन्हा हाती आले नाही. हैदराबादच्या फुटबॉलचे वैभवही हळूहळू ओसरले. खेळाडू संपले नव्हते, मुलांचे पायही तेच होते. एका माणसाजवळ असलेली विद्या शाळाशाळांतून रुजविण्याची व्यवस्था मात्र झाली नाही, असे आम्हांस वाटते. २०२४ साली ‘मैदान’ ह्या हिंदी चित्रपटाने त्यांचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचविले. परंतु चित्रपट पाहून स्मरण जागते, विद्या रुजत नाही.

रहीमसाहेबांच्या काळी फुटबॉलच्या मैदानावर मुलींना स्थान नव्हते. भारतात महिला फुटबॉलची संघटना १९७५ साली स्थापन झाली, तीही त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ साली झाला आणि ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फुटबॉलला १९९६ साली प्रवेश मिळाला. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे भरली. आपल्या मुलींना अमेरिकेकडून ८–०, मोरोक्कोकडून ३–० आणि ब्राझीलकडून ५–० असे पराभव पत्करावे लागले. त्यात त्या मुलींचा दोष मानणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत १९७२ च्या एका कायद्याने शाळा-महाविद्यालयांत मुलींना खेळाची समान संधी दिली, आणि तेथील मुली लहानपणापासून जाणत्या शिक्षकांच्या हाताखाली वाढू लागल्या. आपल्याकडे मुलगी मैदानावर येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि तेथे तिला शिकविणारे कोणी असेलच, असेही नाही.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे की, आपल्या मुलीच्या संघाने किती सामने जिंकले एवढेच विचारून थांबू नये. तिला दोन्ही पायांनी खेळावयास कोणी शिकविते काय? संघातील दुबळ्या मुलीच्या वाट्यास चेंडू येतो काय? मुलगी सरावास आली नाही, तर तिच्या घरची अडचण विचारली जाते काय? शिकविणाऱ्याने स्वतः काही शिक्षण घेतले आहे काय? हे चार प्रश्न आम्ही रहीमसाहेबांच्या चरित्रातूनच घेतले आहेत. त्यांत आजच्या ज्ञानाची एक भर घालावी लागेल. मुलींच्या गुडघ्याच्या स्नायुबंधांस मुलांपेक्षा अधिक वेळा इजा होते. सरावापूर्वी सुमारे वीस मिनिटे योग्य व्यायाम केला, उडी मारून जमिनीवर गुडघे वाकवून अलगद उतरण्याचा सराव केला, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. जाणता प्रशिक्षक हा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा करवून घेतो. अजाण प्रशिक्षक मुलींना सरळ पळावयास लावतो, आणि एका इजेने एखादीचा खेळ कायमचा सुटतो.

विद्यार्थिनींनाही आम्ही एवढेच सांगू. चांगला गुरू लाभला तर त्याने सांगितलेले नीरस पाठही मनापासून गिरवा; कच्चा पाय पक्का व्हावयास वेळ लागतो. आणि तुमच्यापैकी एखादीने पुढे रीतसर शिक्षण घेऊन, शिट्टी गळ्यात घालून, काचीगुड्याच्या किंवा चादरघाटच्या एखाद्या शाळेत लहान मुलींना चेंडू कसा द्यावा हे शिकविले, तर रहीमसाहेबांचे अपुरे राहिलेले काम ह्या शहरात पुन्हा सुरू झाले, असे आम्ही समजू.